केसपेपरवरचे तीन शब्द: ‘सहकार्य करत नाही’

विदर्भातल्या एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या मानसोपचार वॉर्डातली ही हकिकत आहे. रुग्ण आणि त्याची माय यांच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, औषधं आणि आमच्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत, कारण निवासी डॉक्टरांना शिकण्यासारखं जे आहे ते त्या चुकांमध्येच आहे.

दाखल होताना

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. संध्याकाळी सातच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून २६ वर्षांच्या तरुणाला त्याची माय आणि थोरला भाऊ कॅज्युअल्टीत घेऊन आले. नऊ दिवसांपासून तो बोलत नव्हता. चार दिवसांपासून जेवणही जवळजवळ बंद होतं. आधी दोन रात्री एका देवस्थानी, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी आम्ही, असा त्यांचा प्रवास झाला होता.

फवारणीचे दिवस असल्यामुळे मेडिसिनच्या डॉक्टरांनी पहिला विचार विषबाधेचा केला, आणि ते बरोबरच होतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून या दिवसांत कुणी गुंगलेला, घामेजलेला आला की आधी डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, हे आमच्या इंटर्नलाही पाठ आहे. याच्या बाहुल्या बारीक झालेल्या नव्हत्या, लाळ गळत नव्हती, छातीत खरखर नव्हती. ताप नव्हता, मान ताठ नव्हती. साखर, सोडियम, मलेरियाची तपासणी, मेंदूचा सीटी स्कॅन, कशातच काही निघालं नाही. रात्री नऊला मानसोपचार विभागाला कॉल आला.

ड्युटीवर एमडीच्या पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर होती. कोल्हापूरकडची, आमच्याकडे येऊन तीन महिने झालेली. दुसऱ्या वर्षाचा निवासी तेव्हा जिल्हा रुग्णालयात होता, कारण २०२० च्या नियमांपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमात काढावे लागतात. कार्यक्रम चांगला आहे, खेड्यातला आजार तिथे जवळून दिसतो. पण आमच्यासारख्या मोजक्या जागांच्या विभागात त्या तीन महिन्यांत रात्रीची ड्युटी विरळ होते. त्याची तजवीज विभागप्रमुख म्हणून मी करायला हवी होती. मी ती केली नव्हती.

तिची इंग्रजीतली नोंद मराठीत साधारण अशी होती: ‘रुग्ण जागा आहे. प्रश्नांना उत्तर देत नाही. नजर मिळवत नाही. तोंड उघडायला सांगितलं तर उघडत नाही. सहकार्य करत नाही. विचार, आकलन, स्मरण: तपासता आलं नाही. निदान: सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं), प्रकार अनिश्चित.’

रुग्ण स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नव्हता, म्हणून मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ८९ खाली, मायला नामनिर्देशित प्रतिनिधी धरून, त्याला दाखल केलं. या कलमाखाली दोन जणांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो. सीनियर रेसिडेंट आला, पाच मिनिटं थांबला आणि त्यानंही तेच लिहिलं: सहकार्य करत नाही. कागदावर तपासण्या दोन होत्या, वाक्य एकच होतं. दोघांनी वेगवेगळं बघावं हाच त्या तरतुदीमागचा विचार आहे. दुसऱ्यानं पहिल्याची नोंद आधी वाचली की तो विचार तिथेच संपतो.

ती रात्र

रात्री दोनच्या पुढे काहीतरी झालं. नऊ दिवस लाकडासारखा पडलेला माणूस एकदम उठला, दाराकडे धावला, आडव्या आलेल्या वॉर्डमामांना त्यानं ढकललं. काही बोलला नाही. भावानं आणि मामांनी धरून त्याला खाटेवर आणलं, आणि भावानं आपल्या दुपट्ट्यानं त्याची दोन्ही मनगटं खाटेच्या दांडीला बांधली. निवासी धावत आली. तिनं हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम आणि प्रोमेथाझिन २५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दंडात दिलं. अर्ध्या तासात तो शांत झाला. दुपट्टा सकाळपर्यंत तसाच राहिला. फोन तिनं कुणालाच केला नाही.

हे इंजेक्शन काही तिनं मनानं शोधलेलं नव्हतं. चवताळलेल्या रुग्णाला काय द्यायचं म्हणून आम्हीच ते शिकवलं होतं आणि देशभरातल्या वॉर्डांत ते दिलं जातं. चूक औषधाच्या आधी, रात्री नऊच्या नोंदीत झाली होती.

सकाळ

साडेनऊला राउंड सुरू झाला तेव्हा त्याला १०१.४ ताप होता. नाडी १२४. रक्तदाब तासाभरात वर-खाली होत होता. अंगाला घाम, आणि हातपाय रात्रीपेक्षा ताठ. मी आधी दुपट्टा सोडवला. मग रात्रीच्या सिस्टरची वही मागितली, कारण रात्री नेमकं काय झालं ते त्या वहीतच असतं. त्यात दोन ओळी होत्या: ‘१२.३० वा. रुग्णाचा उजवा हात वर उचललेला, तसाच धरून आहे. १.१५ वा. उशी सरकली, तरी डोकं खाली टेकवत नाही.’

त्या दोन ओळींत निदान होतं. उशी नसताना तासन्‌तास अधांतरी राहिलेलं डोकं ज्यानं एकदा पाहिलं तो ते विसरत नाही. सिस्टरनं पाहिलं आणि लिहिलं. पण ती वही निवासी डॉक्टर उघडत नाहीत आणि त्यांचा केसपेपर सिस्टर वाचत नाहीत. एकाच रुग्णाची दोन पुस्तकं एका टेबलावर शेजारी पडलेली असतात.

हा कॅटॅटोनिया होता, म्हणजे माणसाची हालचाल आणि बोलणं जागच्या जागी गोठण्याची अवस्था. १८७४ साली जर्मनीत कार्ल कालबाउम यांनी या अवस्थेला नाव दिलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षं ती स्किझोफ्रेनियाचाच एक प्रकार म्हणून शिकवली गेली. आज आपल्याला माहीत आहे की नैराश्य, उन्माद, मेंदूज्वर, चयापचयाचे विकार, अशा कितीतरी कारणांनी ती उद्भवते, आणि आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या, म्हणजे आयसीडीच्या, अकराव्या आवृत्तीत तिला वेगळं स्थान आहे. माझ्या निवासी डॉक्टरच्या डोक्यात मात्र जुनं चित्र होतं: कॅटॅटोनिया म्हणजे पुस्तकातल्या फोटोतला, चमत्कारिक अवस्थेत उभा राहिलेला माणूस. खाटेवर गप्प पडलेला माणूस त्या चित्रात बसत नव्हता. आणि मध्यरात्री धावणारा तर मुळीच नाही. कॅटॅटोनियात गोठलेला माणूस अचानक उसळू शकतो, हे मी जुलैत स्लाइडवर दाखवलं होतं. रुग्णावर दाखवलं नव्हतं.

राउंड तिथेच थांबवला आणि आम्ही कॅटॅटोनिया तपासायची बुश-फ्रान्सिस मापनपट्टी काढली. त्यात २३ गोष्टी आहेत, पहिल्या १४ चाळणीच्या. या पट्टीचं वैशिष्ट्य असं की रुग्णानं एक शब्द बोलला नाही तरी ती पूर्ण करता येते. ‘तपासता आलं नाही’ असं लिहायला तिथे जागाच नाही. मी निवासीच्या हातात त्याचा हात दिला. आधी हलकेच कोपरात वाकव, मग जोर कमी-जास्त कर. मेण वाकवल्यासारखं लागतंय का बघ. सोड. हात हवेत राहिला. आपलं डोकं त्याच्या समोर ठळकपणे खाजव, तो नक्कल करतो का बघ. त्यानं तसं काही केलं नाही. मग ती त्याला म्हणाली, “हात वर जाऊ देऊ नका,” आणि तळव्याखाली एक बोट लावून उचललं, तर हात पिसासारखा वर आला. तिथे माय मधेच बोलली: “बाई, त्याले तुमचं असं नाई समजत. ‘हात वर जाऊ देऊ नोको, बाप्पा’ असं म्हणा.” आम्ही तसं म्हणून पुन्हा केलं. हात पुन्हा वर आला. म्हणजे भाषा समजत नव्हती असं नाही. पण मायनं दुरुस्त केलं ते बरंच झालं. आता आमच्या वॉर्डात या तपासणीच्या सगळ्या सूचना वऱ्हाडीत लिहून भिंतीला लावल्या आहेत, आणि त्या तिच्याच आहेत.

एकूण गुण २१ भरले. तपासायला अठरा मिनिटं लागली. रात्रीची तपासणी बारा मिनिटांची होती, म्हणजे प्रश्न वेळेचा नव्हता.

आता ताप आणि ताठरपणाकडे यायला हवं. कॅटॅटोनियाच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं, त्यातही तो चार दिवस जवळजवळ अन्नावाचून सुकलेला असला, तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमचा, म्हणजे अशा औषधांच्या एका गंभीर दुष्परिणामाचा, धोका वाढतो. त्यात माणूस दगावू शकतो. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके १,८०० च्या वर आलं. दंडातलं इंजेक्शन आणि रात्रीची झटापट यांनीही ते थोडं वाढतं, म्हणून एका आकड्यावर विसंबता येत नाही. पण ताप, घाम, नाडी, रक्तदाब आणि ताठरपणा एकत्र असताना पुराव्याची वाट बघत बसायचं नसतं. हॅलोपेरिडॉल बंद. सलाईन. अंग पुसणं. लघवीचं मोजमाप. मेडिसिनच्या अतिदक्षता विभागात खाट मागितली आणि त्यांनी दिली. दोन दिवस तो तिथे राहिला.

हलवण्याआधी कॅटॅटोनियावरचं औषध, लोराझेपाम, द्यायचं ठरलं. आणि इथे मला दुसरी गोष्ट कळली. लोराझेपामचं इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आमचा फ्रिज रात्री कुलपात असतो आणि किल्ली फार्मसीत जाते. म्हणजे रात्री दोनला तिला कॅटॅटोनिया सुचला असता, तरी हाताशी हॅलोपेरिडॉलच होतं. वॉर्डात जे सहज मिळतं तेच औषध निवासी डॉक्टर शिकतात. हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

किल्ली आली. दहा वाजून दहा मिनिटांनी २ मिलिग्रॅम शिरेतून, सावकाश, श्वासावर लक्ष ठेवून. आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. पाचव्या मिनिटाला त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपतोय. आठव्या मिनिटाला वर धरलेला उजवा हात हळूहळू खाली आला. दहाव्या मिनिटाला त्यानं मान वळवून मायकडे पाहिलं आणि म्हणाला, “पानी.”

निवासी बाहेर जाऊन रडली. मी तिच्या मागे गेले नाही. त्या क्षणी तिला सिस्टरची गरज जास्त होती, आणि सिस्टर गेली होती.

माय काय सांगत होती

दुपारी मी निवासीला म्हटलं, पुन्हा हिस्ट्री घे. या वेळी वही बंद ठेव, मायसोबत पायऱ्यांवर बस आणि ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत लक्षात ठेव.

आदल्या रात्री माय म्हणाली होती, “त्यानं बोलणं टाकलं जी.” निवासीनं लिहिलं, रुग्ण बोलण्यास नकार देतो. टाकलं म्हणजे नाकारलं नाही. एखाद्याच्या हातून भांडं सुटावं तसं बोलणं सुटलं, असं ती सांगत होती. मराठी दोघींचीही होती. तरी कोल्हापूर आणि पांढरकवडा यांच्यामध्ये बरंच अंतर आहे, आणि परराज्यातून येणाऱ्या मुलांसाठी तर ते आणखी मोठं आहे. आमच्या विभागात केरळमधले आणि राजस्थानातलेही निवासी असतात. त्यांना आपण दुभाषा देतो. मराठी मुलांना देत नाही, कारण त्यांना समजतं असं धरून चालतो.

पायऱ्यांवर जे निघालं ते असं. पोळ्यानंतर आठेक दिवसांनी त्यांचा एक बैल मेला. त्याच दिवशी यानं पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारा मारला होता आणि बैल धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत खाताना भावानं पाहिला होता. बैल त्यानंच मेला की नाही, कुणाला माहीत नाही. पण तेव्हापासून झोप गेली. “रात्री उठून बसे. म्हणे, माय, माह्या हातातच जहर हाय. विहिरीले हात लावे नाई. पोट्टे अंगणात खेयत असले तं घरात जाऊन बसे.” मग जेवण कमी झालं. मग ताटाला हात लावणंच बंद झालं, कारण हातात जहर होतं. मग शब्द गेले.

म्हणजे मुळात तीव्र नैराश्य होतं, अपराधाच्या भ्रमासकट, आणि त्याच्या पोटात कॅटॅटोनिया. तोंड उघडायला सांगितल्यावर तो उघडत नव्हता, याला आम्ही असहकार म्हटलं होतं. त्याच्या हिशेबानं तो वॉर्डातल्या सगळ्यांना वाचवत होता. हे त्यानं स्वतः सहाव्या दिवशी सांगितलं, आणि मी आजवर ऐकलेल्या सगळ्यांत दुःखद वाक्यांपैकी ते एक होतं.

शॉक म्हणजे

लोराझेपाम दर सहा तासांनी २ मिलिग्रॅम सुरू केलं, पुढे दिवसाला १२ मिलिग्रॅमपर्यंत नेलं. पहिले तीन दिवस नळीनं अन्न दिलं. चौथ्या दिवशी मायच्या हातची आंबील चमच्यानं गेली. पाचव्या दिवशी तो वऱ्हांड्यात चालला. पण एखाद्या रात्री डोस तासभर लांबला की सकाळी पुन्हा ताठ. आणि भ्रम जागचा हलला नव्हता. हॅलोपेरिडॉलनंतर जे घडलं होतं ते पाहता भ्रमाचं औषध इतक्यात सुरू करणं धोक्याचं होतं. निदान दोन आठवडे तरी थांबायला हवं होतं. ईसीटीचा, म्हणजे ज्याला लोक ‘शॉक’ म्हणतात त्या मेंदूला विजेचा झटका देण्याच्या उपचाराचा, प्रश्न उभा राहिला.

सीनियर रेसिडेंट पहिल्याच दिवशी म्हणाला होता की तातडीची बाब म्हणून ईसीटी देऊन टाकू. तिथे मी कायदा उघडला. कलम ९४ तातडीच्या उपचारांना ७२ तासांची मुभा देतं, पण त्या मुभेत ईसीटी बसत नाही हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे. कलम ९५ भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी द्यायला मनाई करतं. त्याच कलमात माणसाला साखळीनं बांधायलाही मनाई आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू शकले नाहीत. मी ही तारीख निवासींना सांगते आणि मग दुपट्ट्याकडे येते. वॉर्डात माणसाला बांधण्याचा निर्णय भावाचा नसतो. कलम ९७ नुसार उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते, तात्काळ होणारी इजा टाळायचा दुसरा मार्ग नसेल तरच, लागेल तेवढाच वेळ, कारण आणि कालावधी लिहून, आणि २४ तासांत प्रतिनिधीला कळवून. दुपट्टा मऊ असतो म्हणून तो या कलमातून सुटत नाही.

भावाच्या मनात वेगळंच होतं. “आता नागपूरच्या पागलखान्यात नेऊन करंट देतान का?” असं त्यानं विचारलं. मायनं काही विचारलं नाही, नुसतं बघत राहिली. निवासीनं त्या दोघांना ईसीटीची खोली नेऊन दाखवली. टेबल, ऑक्सिजन, भुलीचं मशीन, दातांत ठेवायचं रबर. भूलतज्ज्ञांनी स्वतः पाच मिनिटं काढून समजावलं. माझ्या मते त्या आठवड्यातलं तिचं सर्वांत चांगलं काम हेच होतं, आणि त्याला गुण देणारी परीक्षा अजून निघालेली नाही.

कलम ८९ खाली दाखल असलेल्या रुग्णाची संमती देण्याची क्षमता दर सात दिवसांनी तपासावी लागते. बहुतेक वॉर्डांत हा एक शिक्का असतो. सातव्या दिवशी मी निवासीला म्हटलं, शिक्का नको, त्याच्याशी बोल. सांगितलेलं त्याला समजतं का, होकार किंवा नकार दिला तर काय होईल हे उमजतं का, आणि निर्णय कुठल्याही तऱ्हेनं सांगता येतो का, एवढंच बघायचं. चाळीस मिनिटं ती त्याच्याजवळ बसली. शेवटी त्यानं विचारलं, “झोपवून देता का?” ती हो म्हणाली. “मंग माह्या हातातलं जहर तुमाले नाई लागन,” असं म्हणून त्यानं सही केली. भ्रम होता, तरी उपचार कशासाठी आहे आणि त्यात काय होणार हे त्याला कळत होतं. या दोन गोष्टी एका डोक्यात एकत्र राहू शकतात, हे तिनं त्या दिवशी नीट लिहिलं. त्याच दिवसापासून कलम ८६ खाली तो स्वतःच्या इच्छेनं दाखल असलेला रुग्ण झाला.

मंगळवारी आणि शुक्रवारी भूलतज्ज्ञ मिळत, म्हणून तीन आठवड्यांत सहा ईसीटी झाले. लोराझेपामनं आकडी यायला अडथळा होतो, त्यामुळे आदल्या रात्रीचा डोस पुढे ढकलावा लागे आणि त्या सकाळी निवासी पहाटेच येऊन त्याचे हात वाकवून बघे. चौथ्या ईसीटीनंतर त्यानं वॉर्डातल्या माठातलं पाणी स्वतःच्या हातानं काढून दुसऱ्या रुग्णाला दिलं. मावशींनी ते पाहिलं, सिस्टरला सांगितलं, सिस्टरनं वहीत लिहिलं, आणि या वेळी निवासीनं ते वाचलं. अठ्ठाविसाव्या दिवशी तो घरी गेला. सोबत नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम, भ्रमावरच्या ओलान्झापिनचा अगदी लहान डोस, आणि उतरत्या मात्रेतलं लोराझेपाम.

बैठक

दरम्यान आम्ही एक बैठक घेतली. दोष कुणाचा हे ठरवायला नाही, असं मी सुरुवातीलाच म्हटलं आणि मग माझे दोष आधी सांगितले: ड्युटीची तजवीज, फ्रिजची किल्ली, हात न धरता शिकवलेला कॅटॅटोनिया. मग निवासीला विचारलं, फोन का नाही केलास. ती म्हणाली, “मॅडम, फोन केला असता तर काय विचारायचं हेच मला माहीत नव्हतं. निदान माहीत असतं तर केला असता.”

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. आपण निवासींना सांगतो की अडलं की फोन करा. पण आपलं अडलं आहे हे ओळखायलाही थोडं यावं लागतं, आणि पहिल्या वर्षात नेमकं तेच येत नाही. म्हणून आम्ही फोनची अटच बदलली. दाखल केलेल्या कुठल्याही रुग्णाचं मानसिक परीक्षण अपूर्ण राहिलं, तर त्याच रात्री वरच्याला फोन करायचा. निदान सांगायला नव्हे. काय दिसलं ते वाचून दाखवायला. ‘सहकार्य करत नाही’ हे तीन शब्द आमच्या केसपेपरवरून काढून टाकले आहेत. त्याऐवजी हात कुठे आहेत, डोळे कुठे आहेत, तोंडाशी घास नेला तर काय होतं, हे लिहायचं. लोराझेपामच्या चार कुप्या आता कॅज्युअल्टीच्या फ्रिजमध्ये असतात आणि त्याची किल्ली सिस्टर इन्चार्जकडे.

नंतर

पहिल्या दोन तारखांना तो भावासोबत एसटीनं आला. जानेवारीत आला नाही. निवासीनं फोन केला तेव्हा कळलं की तूर सोंगायला आली होती आणि गोळ्या चार दिवसांपासून संपल्या होत्या. पुढचं औषध जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण विभागातून जवळच मिळेल अशी व्यवस्था तिनं लावून दिली.

फेब्रुवारीत माय एकटीच आली, कापूस विकायला आलेल्या गाडीत बसून. पोरगा वावरात होता. निवासीनं विचारलं, परत तसं होतंय असं वाटलं तर कसं ओळखाल. माय म्हणाली, “रोज रातच्याले तो झोपला का मी त्याचा हात उचलून पाहातो, बाई, तुमी पाहे तसा. सोडला का खाली पडते. मंग झोपतो मी.”